सिसेरोतील बिऱ्हाड

बिऱ्हाड बदलणे ही शहरी जीवनातील नित्याची गोष्ट आहे. गाडीवरून सामान येते. आधीचे बिऱ्हाडकरू गॅलरीत उभे राहून नव्या मंडळींचे पलंग, कपाटे आणि भांडीकुंडी न्याहाळतात, आणि त्यांची ऐपत, रीतभात व जात यांविषयी मनातल्या मनात काही अंदाज बांधतात. पुढे पाण्याच्या वेळेवरून, जिन्यातील दिव्यावरून किंवा मुलांच्या दंग्यावरून थोडीफार कुरबुर होते. आणि सहा महिन्यांत नवे बिऱ्हाड जुने होऊन जाते. बहुतेक ठिकाणी गोष्ट येथेच संपते. परंतु काही वेळा नवागताचा अपराध त्याच्या वागणुकीत नसतो, त्याच्या येण्यातच असतो. अशा वेळी एरवी एकमेकांशी न बोलणारे शेजारीही एक होतात, आणि त्याला घालवून देणे हे जणू सर्वांचे सामाईक कर्तव्य होऊन बसते. एकट्या कुटुंबाचा असा छळ बहुधा जिन्याच्या अंधारात घडतो आणि तेथेच विसरला जातो. अमेरिकेतील संयुक्त संस्थानांत शिकागो शहराला लागून असलेल्या सिसेरो या गावी १९५१ च्या जुलै महिन्यात घडलेली हकीकत मात्र याला अपवाद आहे. तेथे एका कुटुंबाच्या बिऱ्हाडावर सुमारे चार हजारांचा जमाव चालून गेला, आणि ते प्रकरण पुढे संघराज्याच्या न्यायासनापर्यंत पोहोचले. शेजार कसा बिघडतो, आणि विशेषेकरून कोणाच्या आधाराने बिघडतो, हे त्या प्रकरणातून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल.

ही हकीकत नीट समजण्यासाठी शिकागो शहराची थोडी पूर्वपीठिका ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. परंतु दक्षिणेकडील संस्थानांतील कृष्णवर्णीयांचे जिणे त्यामुळे सुखाचे झाले नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उत्तरेकडील कारखान्यांना मजुरांची टंचाई भासू लागली, तेव्हा ही माणसे आगगाडीत बसून हजारोंनी उत्तरेकडे निघाली. शिकागोचे पोलादाचे कारखाने व कत्तलखाने हे त्यांचे एक मोठे आश्रयस्थान झाले. १९१० च्या शिरगणतीत त्या शहरात कृष्णवर्णीयांची संख्या सुमारे ४४ हजार होती. १९४० मध्ये ती २ लाख ७७ हजारांवर गेली, आणि १९५० मध्ये ४ लाख ९२ हजारांवर. माणसे अशी दहापटींहून अधिक वाढली. त्यांना राहावयास मिळणारी जागा मात्र त्या मानाने वाढली नाही. शहराच्या दक्षिण भागातील एका लांबट पट्ट्यात त्यांना कोंबण्यात आले. तेथील मोठी घरे एकेका खोलीत विभागून प्रत्येक खोलीत एक चूल मांडण्यात आली, आणि एका कुटुंबाच्या जागेत तीनतीन, चारचार कुटुंबे भाडे भरू लागली.

हा पट्टा आपोआप निर्माण झाला नव्हता. १९१९ च्या उन्हाळ्यात मिशिगन सरोवरात पोहणारा एक कृष्णवर्णीय मुलगा, पाण्यावर आखलेल्या एका अदृश्य सीमेपलीकडे वाहत गेला. किनाऱ्यावरून दगड आले, तो बुडून मेला, आणि त्यातून उसळलेल्या दंग्यात ३८ माणसे प्राणास मुकली. त्याच सुमारास, म्हणजे जुलै १९१७ ते मार्च १९२१ या काळात, कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या कडेला असलेल्या घरांवर, तसेच त्यांना घरे विकणाऱ्या दलालांवर ५८ वेळा बाँब टाकण्यात आले. पुढे बाँबची जागा कागदाने घेतली. रस्त्यारस्त्यातील घरमालक एकत्र येऊन करार करीत, की आपले घर कोणीही कृष्णवर्णीयास विकावयाचे नाही व भाड्यानेही द्यावयाचे नाही. घरांच्या दलालांच्या राष्ट्रीय संस्थेने १९२४ साली आपल्या आचारसंहितेतच असे कलम घातले, की ज्यांच्या येण्याने मोहल्ल्यातील मालमत्तेची किंमत उतरेल अशा वंशाच्या माणसांना तेथे आणण्यास दलालाने कारण होऊ नये. १९३४ साली स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज विभागानेही आपल्या नियमपुस्तकातून याच विचाराला मान्यता दिली. १९४८ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय दिला. कागदाची भिंत अशा रीतीने पडली. पण तिच्या सावलीत वाढलेल्या माणसांची मने तिच्याबरोबर बदलली नव्हती.

हार्वे क्लार्क हा या पट्ट्यात राहणारा, तिशीच्या आतला एक तरुण. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैन्यात नोकरी केली होती. नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठाचा तो पदवीधर होता. आणि शिकागोत मोटारबस हाकून तो संसार चालवीत होता. पत्नी जॉनेटा, मुलगी मिशेल व एक मुलगा असे त्याचे चौघांचे कुटुंब. दोन खोल्यांच्या एका जागेच्या अर्ध्या भागात ही मंडळी राहत. उरलेल्या अर्ध्या भागात पाच माणसांचे दुसरे कुटुंब असे. अशा अवस्थेत सिसेरो येथील एका तीनमजली इमारतीत दरमहा ६० डॉलर भाड्याची एक प्रशस्त जागा त्याच्या पाहण्यात आली. ती त्याच्या कामाच्या ठिकाणापासूनही जवळ होती. इमारत सुमारे वीस बिऱ्हाडांची, एकोणिसाव्या रस्त्यावरील, आणि त्या दिवसापर्यंत केवळ गोऱ्या भाडेकरूंची होती. क्लार्कने जागा घेण्याचे ठरविले. त्यात कोणतीही चळवळ करण्याचा त्याचा हेतू नव्हता. मुलांना झोपावयास स्वतंत्र खोली असावी, एवढीच त्याची इच्छा होती.

सिसेरो हे गाव तरी कसे होते? नकाशावर ते स्वतंत्र असले, तरी शिकागोच्या पश्चिम सीमेवरील एक रस्ता ओलांडला की माणूस सिसेरोत येई. १९५० मध्ये त्याची वस्ती सुमारे ६७ हजार होती. दूरध्वनीची यंत्रे तयार करणारा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना तेथे होता आणि त्यात हजारो कामगार राबत. १९२४ च्या सुमारास अल कापोन या कुप्रसिद्ध दारूविक्या दरोडेखोराने शिकागो सोडून येथेच आपले ठाणे केले होते, त्यामुळे गावचे नाव अमेरिकाभर झाले होते. वस्ती बहुतांशी चेक, पोलिश व लिथुएनियन लोकांची होती. त्यांचे आईबाप किंवा आजे युरोपातून रिकाम्या हाताने आलेले. त्यांनाही पूर्वी इतरांनी परके म्हणून हिणवले होते. त्यांच्या भाषेला आणि त्यांच्या आडनावांना लोक हसले होते. कारखान्यात कष्ट करून, पै पै साठवून त्यांनी विटांची लहान नीटनेटकी घरे बांधली होती, आणि बहुतेकांची आयुष्यभराची सारी कमाई त्या घरातच गुंतलेली होती. कृष्णवर्णीय मनुष्य शेजारी आला की घराची किंमत निम्म्यावर येते, हे त्यांनी दलालांच्या तोंडून, बँकांच्या तोंडून आणि सरकारी कागदांतून पुन:पुन्हा ऐकले होते. त्यांची भीती खोटी नव्हती. तिचे कारण मात्र त्यांना चुकीचे सांगण्यात आले होते. किमती उतरत त्या नवागताच्या येण्याने नव्हे, तर त्या उतरणार अशी हाकाटी करून घाबरलेल्यांची घरे स्वस्तात घेणाऱ्या आणि कोंडलेल्यांना ती महाग विकणाऱ्या व्यापारामुळे. हा व्यापार पडद्याआड राहिला, आणि राग पडद्यापुढे उभ्या असलेल्या माणसावर निघाला.

८ जून १९५१ रोजी दुपारी क्लार्क कुटुंबाचे सामान घेऊन एक गाडी इमारतीपाशी आली. गाडी थांबविली ती शेजाऱ्यांनी नव्हे, पोलिसांनी. घराच्या दलालाला पाठीशी पिस्तूल रोखून इमारतीबाहेर काढण्यात आले. स्वत: पोलीसप्रमुख तेथे हजर झाला, त्याने क्लार्कला धक्के देत त्याच्या मोटारीकडे नेले, आणि गाव सोडून जा, पुन्हा आलास तर गोळी खाशील, अशा अर्थाची धमकी दिली. रस्त्यावर जमलेली माणसे हे सारे पाहत होती. ज्याच्या अंगावर सरकारी गणवेश आहे तोच माणूस नवागताला हाकलतो आहे, हे त्या दिवशी सर्वांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. पुढील महिन्यात जे घडले त्याचे बी या दुपारी पेरले गेले. जमावाने जो धडा पुढे गिरवला तो गावाच्या रक्षकांनी त्याला आधी काढून दिला होता.

क्लार्कने हार मानली नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या साहाय्याने त्याने संघराज्याच्या न्यायालयात दाद मागितली. त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत जॉर्ज लेटन हे एक होते. त्यांची कथाही सांगण्यासारखी आहे. केप व्हर्डे बेटांतून आलेल्या गरीब कुटुंबात १९१२ साली त्यांचा जन्म झाला. लहानपणीच कामाला लागल्यामुळे त्यांना हायस्कूलचे तोंडही पाहावयास मिळाले नाही. तरीही स्वत:च्या अभ्यासाच्या बळावर ते हॉवर्ड विद्यापीठात गेले, युद्धात सैन्याधिकारी झाले, आणि १९४६ साली हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले. न्यायमूर्ती जॉन बार्न्स यांनी २६ जून रोजी सिसेरोच्या अधिकाऱ्यांना मनाईहुकूम दिला. क्लार्कला अडवू नये एवढे सांगूनच ते थांबले नाहीत. या कुटुंबाला बाहेर ठेवण्यासाठी जी तत्परता दाखविली तीच आता त्यांना आत राहू देण्यासाठी दाखवा, अशा आशयाची समज त्यांनी दिली. कायद्याचा शब्द याहून स्पष्ट असू शकला नसता.

१० जुलै रोजी क्लार्कचे सामान इमारतीत चढले. बातमी पसरण्यास वेळ लागला नाही. रस्त्यावर घोळके जमले. शिव्याशाप सुरू झाले. संध्याकाळी दगड येऊ लागले. क्लार्क मंडळींनी ती रात्र तेथे काढली नाही, आणि पुढे कधीही काढली नाही. ज्या घरासाठी एवढे रामायण झाले त्या घरात त्या कुटुंबाने एकही रात्र झोप घेतलेली नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी ११ जुलैला, अंधार पडण्याच्या सुमारास जमाव सुमारे चार हजारांपर्यंत वाढला. त्यात कारखान्यातील कामगार होते, दुकानदार होते, शाळकरी पोरे होती. पदरातून दगड आणून देणाऱ्या बायकाही होत्या. पोलीस होते ते सुमारे साठ, आणि तेही बहुतांशी उभे राहून पाहत होते. काही तरुण इमारतीत घुसले. त्यांनी क्लार्कच्या जागेचे दार फोडले, कपाटे, खुर्च्या, कपडे, मुलांची खेळणी खिडकीतून खाली फेकली; मुलीसाठी घेतलेला पियानोही फोडला. खाली त्या साऱ्याची होळी पेटली. भिंतींतील नळ उखडण्यात आले. छपरावर जळते बोळे फेकण्यात आले. बंबवाल्यांना जमावावर पाण्याचे फवारे सोडण्यास सांगण्यात आले असता त्यांनी ते नाकारले, असे पुढे चौकशीत निघाले. आणि या गदारोळात सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी घडली, की त्या इमारतीतील इतर सर्व गोऱ्या बिऱ्हाडकरूंनाही मुलेबाळे घेऊन पळून जावे लागले. त्यांच्याही खिडक्यांची तावदाने फुटली, त्यांचेही सामान खराब झाले. मोहल्ल्यातील मालमत्तेचे रक्षण करण्यासाठी आलेल्या माणसांनी मोहल्ल्यातील एक अख्खी इमारत राहण्यास निरुपयोगी करून टाकली.

गुरुवारी परगण्याच्या शेरीफने संस्थानाच्या राज्यपालांकडे सैन्याची मागणी केली. अ‍ॅडले स्टीव्हन्सन त्या वेळी राज्यपाल होते. पुढे दोनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढविणारे ते हेच. त्यांनी राष्ट्रीय रक्षकदलाच्या तुकड्या धाडल्या. शिकागोच्या परिसरात वांशिक दंग्यासाठी सैन्य आणण्याची वेळ १९१९ नंतर प्रथमच आली होती. त्या रात्री जमाव सैनिकांवरही चालून गेला. संगिनी, बंदुकांचे दस्ते आणि अश्रुधूर यांच्या बळावर सैनिकांनी इमारतीभोवती सुमारे तीनशे यार्डांचे अंतर मोकळे केले. शंभरांहून अधिक लोकांना अटक झाली. त्यांतील पुष्कळ जण मिसरूडही न फुटलेली पोरे होती. दोन दिवसांत शांतता झाली. जळलेले सामान रस्त्यावरून उचलण्यात आले, आणि आता दंगा करणाऱ्यांना शासन होईल अशी सर्वांची समजूत झाली.

तसे झाले नाही. स्थानिक परगण्याच्या ज्यूरीने दंगेखोरांपैकी एकावरही आरोप ठेवला नाही. आरोप ठेवले ते इमारतीच्या मालकिणीवर, तिच्या वकिलावर, भाड्याच्या दलालावर आणि क्लार्कचे वकील जॉर्ज लेटन यांच्यावर! त्यांनी दंग्यास चिथावणी दिली, आणि कृष्णवर्णीयास जागा देऊन आसपासच्या मालमत्तेची किंमत उतरविण्याचा कट केला, असा तो आरोप होता. दगड मारणारा मोकळा राहिला आणि ज्याच्या घरावर दगड पडले त्याचा वकील पिंजऱ्यात उभा राहिला. लेटन यांच्या बचावासाठी थर्गूड मार्शल आले. पुढे १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले ते हेच गृहस्थ. अखेर हे आरोप मागे घ्यावे लागले. परंतु अशा खटल्याने शहरातील इतर घरमालकांना व वकिलांना जो इशारा मिळावयाचा तो मिळून चुकला होता.

त्यानंतर संघराज्याच्या सरकारने स्वतंत्र चौकशी केली. यादवी युद्धानंतरच्या काळात केलेल्या एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन सिसेरोच्या काही अधिकाऱ्यांवर व पोलिसांवर, सरकारी अधिकाराचा उपयोग करून नागरिकाचा हक्क हिरावल्याबद्दल आरोप ठेवण्यात आले. काही सुटले, पोलीसप्रमुख व दोन पोलीस शिपाई १९५२ साली दोषी ठरले आणि त्यांना दंड झाला. पण १९५३ साली वरिष्ठ न्यायालयाने हा निर्णय फिरविला. शिक्षेच्या दृष्टीने पाहिले तर त्या चार हजारांच्या रात्रीचा हिशेब जवळजवळ शून्यावर येऊन ठेपतो. तरीसुद्धा हा खटला व्यर्थ गेला असे म्हणता येत नाही. शेजाऱ्यांच्या जुलमाला अधिकाऱ्यांनी दिलेली मोकळीक हाच स्वतंत्र गुन्हा होय, ही गोष्ट त्या वेळी संघराज्याच्या सरकारने उघडपणे मांडली. त्या काळी शिकागो विभागात संघराज्याचे सरकारी वकील ऑटो कर्नर हे होते. पुढे ते इलिनॉय संस्थानाचे राज्यपाल झाले, आणि देशातील वांशिक दंग्यांची मीमांसा करणारा जो प्रसिद्ध अहवाल १९६८ साली बाहेर पडला, त्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते.

सिसेरोचे वेगळेपण केवळ जमावाच्या आकारात नव्हते. १९४६ पासून शिकागोत असे अनेक हल्ले झाले होते. परंतु लोकक्षोभ वाढू नये या सबबीवर वृत्तपत्रांनी त्यांच्या बातम्या दडपल्या किंवा कोपऱ्यात टाकल्या होत्या. या मौनाचा फायदा छळ करणाऱ्यांनाच झाला. सिसेरोत मात्र दूरचित्रवाणीची यंत्रे जाऊन पोहोचली. लोकांनी आपापल्या दिवाणखान्यात बसून ती जळणारी खुर्ची आणि तो दगड मारणारा हात पाहिला. बातमी देशोदेशी गेली, आणि अमेरिकेच्या लोकशाहीविषयी जगभर टीका झाली.

सिसेरोचा दंगा तीन दिवसांत संपला. पण शेजाऱ्यांचा छळ नेहमीच असा भडका होऊन येत नाही. तो बहुधा रोज थोडाथोडा, वर्षानुवर्षे चालतो; आणि त्याचे उदाहरणही शिकागोनेच दिले. शहराच्या आग्नेय भागातील ट्रंबल पार्क या सरकारी वसाहतीत १९५३ च्या जुलै अखेरीस डोनाल्ड व बेटी हॉवर्ड हे दांपत्य मुलांसह राहावयास आले. या वसाहतीत तोपर्यंत एकही कृष्णवर्णीय कुटुंब नव्हते. बेटीचा वर्ण उजळ असल्याने जागा देणाऱ्या कारकुनाने तिला गोरी समजून जागा दिली होती. आठवडा उलटण्याच्या आत शेजाऱ्यांच्या लक्षात खरी गोष्ट आली, आणि रात्री दारूगोळ्याचे बार सुरू झाले. रोज रात्री खिडकीबाहेर स्फोट. मुले दचकून उठत. फुटलेल्या काचांच्या जागी लाकडी फळ्या ठोकून, भर दिवसा दिवा लावून ते कुटुंब राहू लागले. दुकानात जावयाचे तर पोलिसांच्या बंद गाडीतून, देवळात जावयाचे तरी तसेच. शेकडो पोलीस वसाहतीत पहारा देत. पण रात्री स्फोट करणारा क्वचितच सापडे. पहारा आहे आणि तरीही छळ चालू आहे, याचा अर्थ वसाहतीतील लोकांनी बरोबर ओळखला. १९५४ च्या मे महिन्यात हॉवर्ड मंडळी घर सोडून गेली. वसाहतींत वर्णभेद असू नये असा आग्रह धरणाऱ्या गृहमंडळाच्या प्रमुख एलिझाबेथ वुड यांना त्याच वर्षी नोकरीवरून दूर करण्यात आले. मागाहून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी एकातील फ्रँक लंडन ब्राउन या लेखकाने त्या दिवसांवर ‘ट्रंबल पार्क’ ही कादंबरी लिहिली. ती १९५९ साली प्रसिद्ध झाली.

शेजाऱ्यांनी एकजुटीने आगंतुकास घालवून देण्याची ही रीत केवळ अमेरिकेची नव्हे. सिसेरोच्या चौतीस वर्षे आधी, त्याच अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. भीमराव आंबेडकर १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले, तेव्हा त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना. परदेशातील वास्तव्यात अस्पृश्यतेची जाणीव आपल्या मनातून पार पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत नमूद केले आहे. शेवटी दीड रुपया रोजाने, पारशी नाव धारण करून, एका पारशी धर्मशाळेच्या माडीवर ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले दहाबारा पारशी जिन्यात उभे राहिले आणि संध्याकाळच्या आत जागा रिकामी कर असे त्यांनी बजावले. त्यांनी आठवडाभराची मुदत मागितली. ती मिळाली नाही. बडोद्यातील दोन स्नेह्यांकडे त्यांनी आश्रय मागितला. एकाने घरातील नोकर सोडून जातील अशी अडचण सांगितली. दुसऱ्याने पत्नीच्या मतावर गोष्ट सोपविली. सार्वजनिक बागेत झाडाखाली वेळ काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. काठ्या घेऊन आलेले दहाबारा होते. पण त्या दिवशी आंबेडकरांना बेघर केले ते त्या दहाबारांनी आणि त्या दोन सभ्य गृहस्थांनी मिळून. सिसेरोत काठी जमावाने उचलली आणि पाठ पोलिसांनी फिरविली. बडोद्यात काठी शेजाऱ्यांनी उचलली आणि पाठ मित्रांनी फिरविली. प्रकार मोठाला असो वा लहान, त्याची घडण सारखीच आहे.

सिसेरोच्या पुढील इतिहासाने हीच गोष्ट दृढ केली. १९६६ च्या उन्हाळ्यात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी शिकागोत घरांच्या प्रश्नावर मोर्चे काढले, तेव्हा सिसेरोत जाण्याचा नुसता विचार बोलून दाखविताच अधिकारी तडजोडीस तयार झाले, इतका त्या गावाचा दरारा होता. त्यानंतर सप्टेंबरात काही कार्यकर्त्यांनी सैन्याच्या संरक्षणात तेथे मोर्चा नेलाच. ४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांची हत्या झाली, आणि पुढच्याच आठवड्यात ११ एप्रिलला घर विकताना वा भाड्याने देताना वर्ण, धर्म, वंश पाहण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकेत झाला. त्यातील एक कलम असे, की घराच्या हक्काचा उपभोग घेणाऱ्यास धाकदपटशा दाखविणे हाही गुन्हा आहे. हार्वे क्लार्कच्या जळालेल्या सामानाला सतरा वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते.

गावही बदलले. ज्यांच्या घरांची किंमत राखण्यासाठी ती होळी पेटली होती, त्यांची मुले हळूहळू दूरच्या उपनगरांत गेली, आणि त्यांच्या विटांच्या घरांत मेक्सिकोहून आलेली कुटुंबे राहू लागली. २०१० च्या शिरगणतीत सिसेरोच्या दर दहा रहिवाशांत आठांहून अधिक रहिवासी स्पॅनिशभाषक वंशाचे होते. जॉर्ज लेटन १९७६ साली संघराज्याचे न्यायाधीश झाले. २०१२ साली शिकागोच्या फौजदारी न्यायालयाच्या भव्य इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या परगण्याच्या ज्यूरीने त्यांना आरोपी ठरविले होते, त्याच परगण्याचे हे न्यायालय होय. २०१८ साली वयाच्या एकशे पाचव्या वर्षी ते निवर्तले. आणि जिचा पियानो खिडकीखाली जळाला ती क्लार्क यांची मुलगी मिशेल पुढे वार्ताहर झाली. एका मोठ्या राष्ट्रीय दूरचित्रवाणी संस्थेची बातमीदार म्हणून काम करणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. १९७२ च्या डिसेंबरात शिकागोत झालेल्या विमान अपघातात तिचा अंत झाला, तेव्हा ती अवघी एकोणतीस वर्षांची होती. शिकागोतील एका विद्यालयास तिचे नाव आहे.

नव्या शेजाऱ्याविषयी मनात किंतु येणे हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. तो किंतु कायद्याने घालविता येत नाही, आणि तसा हट्ट कोणी धरीतही नाही. परंतु मनातील किंतु आणि हातातील दगड यांच्यामध्ये पुष्कळ पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी उभा असतो: जागेचा मालक, दलाल, चाळीचा चिटणीस, गावाचा फौजदार, वृत्तपत्राचा संपादक, ओळखीचा सज्जन. सिसेरोत ८ जूनच्या दुपारी पोलीसप्रमुखाने गाडी अडविण्याऐवजी सामान वर चढविण्यास दोन शिपाई दिले असते, तर १० जुलैची संध्याकाळ थोड्या शिव्यांवर आणि दोनचार फुटलेल्या तावदानांवर निभावली असती, असे मानण्यास जागा आहे. कारण ज्या जमावाने साठ पोलिसांना जुमानले नाही तोच जमाव रोखण्याचा निश्चय करून आलेल्या सैनिकांपुढे एका रात्रीत विरघळला. नवे बिऱ्हाड येते तेव्हा त्याचे पुढे काय होणार, याचा निकाल बव्हंशी त्या पहिल्या दुपारीच लागतो, आणि तो लावणारी माणसे संख्येने फार थोडी असतात.